साल्वातोर रोझा, सुरतेच्या कबरी आणि जंगलाचा पडदा

‘हे आपले नव्हे, हे तिकडचे’ हे वाक्य आम्हा गोमंतकीयांच्या कानांवरून सतत जात असते. देवळाचा घुमट पाहिला की कुणीतरी म्हणतो, हा मुसलमानी. खिडकीची कमान दिसली की म्हणतो, ही पोर्तुगीज. नाटकाचा पडदा इंग्रजांचा, पेटी फ्रेंचांची, आणि भाजीतला बटाटा तर थेट अमेरिकेचा! अशी एकेक गोष्ट वजा करत गेले तर शेवटी आपल्या हाती काय उरते, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळतो आहे. ‘प्रभाव’ हा शब्द आपण बहुधा आरोपासारखा वापरतो. अमक्यावर तमक्याचा प्रभाव आहे, म्हणजे त्याचे स्वतःचे काही नाही, असा त्याचा अर्थ होऊन बसला आहे.

आज या प्रभावाविषयीच थोडे लिहायचे आहे. पण सुरुवात गोव्यापासून न करता एका इटालियन चित्रकारापासून करतो, आणि मग सुरत शहराकडे येतो. या दोघांचा एकमेकांशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध आहे. तो जोडणारा माणूस माझ्यासारखाच कचेरीत बसून कागद खरडणारा होता, म्हणून मला त्याचे अंमळ जास्तच कौतुक आहे.

चित्रकाराचे नाव साल्वातोर रोझा. जन्म १६१५ साली, नेपल्स शहराबाहेरच्या आरेनेल्ला या गावी. मृत्यू १६७३ साली रोममध्ये, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी. हा युरोपातला बरोक कलेचा काळ. बरोक म्हणजे काय हे गोव्याच्या माणसाला वेगळे सांगायची गरज नाही. जुन्या गोव्यातल्या चर्चमध्ये शिरून मुख्य वेदीकडे पाहिले की पिळदार खांब, सोन्याचा मुलामा, ढगांतून डोकावणारे देवदूत आणि एकूणच डोळे दिपवून टाकण्याचा जो सोस दिसतो, तोच बरोक.

रोझा या काळातला असला तरी त्याचे नाव झाले ते निसर्गचित्रांमुळे. अंगावर येणारे कडे, विजेने चिरफाळलेले झाड, काळवंडलेले आभाळ, आणि या सगळ्यात अगदी लहान दिसणारी माणसे : कुणी शिपाई, कुणी लुटारू, कुणी साधू. त्याच्या समकालीन क्लोद लोरँच्या चित्रांत संध्याकाळचे सोनेरी ऊन असते, गुरे पाण्यावर आलेली असतात, दूर समुद्र असतो. तिथे जाऊन बसावेसे वाटते. रोझाच्या चित्रात बसायची सोय नाही. तिथे अंधार पडायच्या आत वाट काढावी असे वाटते.

आता त्याने हे कुणाकडून घेतले? पहिले धडे मामाकडे. मग बहिणीचा नवरा फ्रान्चेस्को फ्राकान्झानो, हाही चित्रकार. फ्राकान्झानोच्या डोळ्यांपुढे आदर्श होता जुसेपे द रिबेराचा. हा रिबेरा मूळचा स्पेनचा. नेपल्स तेव्हा स्पेनच्या अमलाखाली होते आणि हा तिथे येऊन स्थायिक झाला होता. त्याचा काळाकुट्ट अंधार आणि त्यातून उजळणारा देह, ही रीत काराव्हाज्जोची, आणि काराव्हाज्जो उत्तर इटलीतला. लढायांची चित्रे रोझा शिकला नेपल्सच्याच आनिएल्लो फाल्कोनेकडून. म्हणजे ‘नेपल्सचा चित्रकार’ म्हणून ज्याला ओळखतात त्याच्या हातात स्पेन होता आणि मिलानच्या बाजूचा मुलूखही होता.

त्याहून गमतीची गोष्ट खुद्द ‘इटालियन निसर्गचित्र’ या प्रकाराची आहे. रोममध्ये हा प्रकार रुजवणाऱ्यांत पॉल ब्रिल अँटवर्पचा, आडाम एल्सहायमर जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचा, आन्निबाले कार्राच्ची बोलोन्याचा. पुढे त्याला कळस चढवणारे क्लोद लोरँ आणि निकोला पुसँ हे दोघे फ्रेंच मुलखातले. पुसँचा मेहुणा गास्पार द्युगे जन्मला रोममध्ये, पण कुटुंब फ्रेंच. इटलीच्या आभाळाला, डोंगरांना आणि पडक्या देवळांना चित्राचा मुख्य विषय करणाऱ्यांत निम्म्याहून अधिक माणसे बाहेरून आलेली होती. तरी आज कुणी असे म्हणत नाही की हे इटलीचे नव्हे.

रोझाची स्वतःची तक्रार वेगळीच होती. लोक त्याच्याकडे छोटी निसर्गचित्रे मागत आणि त्याला मोठे पौराणिक, ऐतिहासिक विषय रंगवायचे असत. तो कवी होता, उपरोधिक काव्ये लिहीत असे, नाटकांत कामे करत असे, आणि कुणा धनिकाच्या दाराशी बांधून घेणे त्याला मानवत नसे. तरी १६४० ते १६४९ या काळात तो फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या आश्रयाला राहिला. त्याला बोलावणारा होता कार्डिनल जोव्हान कार्लो द मेदिची. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तो गेल्यावर त्याच्याभोवती दंतकथा वाढल्या. तरुणपणी तो म्हणे दरोडेखोरांबरोबर रानात राहिला, १६४७ च्या नेपल्सच्या बंडात लढला. १८२४ साली लेडी मॉर्गन या बाईंनी त्याचे चरित्र लिहिले, त्याने या कथांना आणखी बळ आले. बंडाच्या वेळी हा फ्लॉरेन्सच्या नोकरीत होता, पण लोकांना चित्रातल्या माणसासारखाच चित्रकार हवा होता!

रोझाला खरे डोक्यावर घेतले ते इंग्रजांनी. अठराव्या शतकात श्रीमंत इंग्रज तरुण शिक्षण पुरे करायला इटलीची वारी करत. येताना क्लोद, पुसँ, द्युगे, रोझा यांची चित्रे, नाहीतर त्यांवरून केलेले छाप घेऊन येत. १७३९ साली होरेस वॉल्पोल आल्प्स ओलांडत होता, तेव्हा मित्राला लिहिलेल्या पत्रात कडे, धबधबे, लांडगे अशी यादी करून त्याने त्याच दमात साल्वातोर रोझाचे नाव लिहिले. डोंगर पाहिल्यावर चित्रकार आठवावा, एवढा त्या डोळ्यांवर चित्रांचा अंमल होता. पुढे तर या मंडळींनी आपल्या बागाच अशा आखल्या की खिडकीतून पाहिले की चित्र दिसावे : इथे तळे, तिथे झाडांचा पुंजका, आणि मागे टेकडीवर एखादे देऊळ किंवा पडकी भिंत.

या चित्रांतली एक गोष्ट मला सुरतेला गेल्यावर फार आठवली. तिच्यात कबरी असतात. जुन्या रोमन लोकांत मृतांना गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला पुरत आणि वर मोठाली स्मारके बांधत. रोमच्या आसपास ती स्मारके झाडाझुडपांत पडून होती, चित्रकारांनी ती चित्रांत घेतली. रोझाचे १६५० च्या सुमाराचे डेमॉक्रिटसचे चित्र आहे, सध्या कोपनहेगनच्या संग्रहालयात. त्यात तो तत्त्ववेत्ता कबरी, हाडे आणि कवट्या यांच्यात विचार करत बसला आहे. युरोपातल्या ख्रिस्ती माणसाला हे दृश्य घरचे नव्हते. त्याच्याकडे मेलेला माणूस चर्चच्या फरशीखाली किंवा चर्चच्या आवारात जाई. गावाबाहेर, झाडांखाली, मोकळ्यावर उभी असलेली भव्य कबर ही गोष्ट त्याने चित्रातच पाहिलेली.

आणि सुरतेत? तिथे ती प्रत्यक्ष उभी होती.

सुरत म्हटले की मराठी माणसाला महाराजांची स्वारी आठवते, आणि बायकांना जरी आणि साड्या. आम्ही गेलो ते साड्यांच्याच निमित्ताने. एलटीसीचे वर्ष संपत आले होते, सौभाग्यवतींची मावसबहीण उधन्याला राहते, आणि मडगावला बसले की गाडी थेट सुरतेला सोडते. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी माणसे इतकी आहेत की परक्या मुलखात आल्यासारखे वाटत नाही. दुसऱ्या दिवशी महिला मंडळ बाजाराला निघाले आणि मी रिक्षा केली. रिक्षावाला धुळ्याकडचा. म्हटले, कतारगाम दरवाज्याजवळ इंग्रजांच्या जुन्या कबरी आहेत तिथे सोडा.

“काका, गोव्याहून कबरी बघाले आले?” त्याने वळून विचारले.

“हो ना.”

“तुमच्याकडे नाहीत का?”

आहेत हो, आमच्याकडेही आहेत. पण अशा नाहीत. भर वस्तीत, रहदारीच्या आवाजात एक आवार लागते, आणि आत पाऊल टाकले की क्षणभर वाटते आपण एखाद्या सुलतानाच्या रौझ्यात शिरलो. घुमट, कमानी, मनोऱ्यांसारखे कोपऱ्याचे खांब, गिलावा ठिकठिकाणी उडालेला, भेगांतून पिंपळाची रोपे डोकावताहेत, वर कबुतरे. कमानीखाली जाऊन पाहावे तर शिलालेख लॅटिनमध्ये! आत झोपलेले सगळे ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर आणि त्यांची बायकामुले.

त्यांतली सर्वांत मोठी कबर ऑक्झिंडेन बंधूंची. ख्रिस्तोफर ऑक्झिंडेन १६५९ साली वारला, त्याचा भाऊ सर जॉर्ज १६६९ साली. थोरली इमारत दोघांची मिळून आहे, एकावर एक घुमट आणि भोवती सज्जे. सर जॉर्ज म्हणजे सुरतेच्या वखारीचा तोच अध्यक्ष, ज्याने जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर आले तेव्हा वखारीची दारे लावून आतून बचाव केला. राज्याभिषेकाला रायगडावर आलेला हेन्री ऑक्झिंडेन याच घराण्यातला. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले नाव असे दगडावर भेटले की जरा विचित्र वाटते. ज्याच्या दारावर आपली माणसे उभी होती, त्याच्या डोक्यावरच्या घुमटाखाली मी पाणी पीत उभा होतो.

तिथून थोड्या अंतरावर डचांचे स्मशान आहे, त्याला लागून आर्मेनियन लोकांचे. डचांकडे हेंड्रिक व्हान रीड याची कबर आहे, तो डिसेंबर १६९१ मध्ये कोचीनहून सुरतेला येताना जहाजावर वारला. ही अष्टकोनी, दुमजली, सज्जे असलेली इमारत इंग्रजांच्या कबरीवर मात करण्यासाठी बांधली असे म्हणतात. मेल्यावरसुद्धा वखारींची स्पर्धा चालूच! आता या कबरींना पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे.

लंडनचे आणि ॲमस्टरडॅमचे हे व्यापारी, मृत्यूनंतर मुसलमान सरदारासारखे का निजले? कारण सोपे आहे. ज्या शहरात मोठेपणाची भाषा घुमट ही होती, तिथे आपला साहेब मोठा होता हे सांगायला घुमटच हवा. आणि बांधणारे गवंडी इथलेच. त्यांना घुमट बांधायची कला पिढीजात येत होती. त्यांनी वरून सांगितलेले नाव कोरले आणि खालून आपले शास्त्र उभे केले. त्या गवंड्यांचे नाव मात्र मला कुठल्याच दगडावर दिसले नाही.

आता तो कागद खरडणारा माणूस. महाराज सुरतेवर आले त्याच महिन्यात, म्हणजे २४ जानेवारी १६६४ रोजी, लंडनमध्ये एका मुलाचा बाप्तिस्मा झाला. जॉन व्हॅनब्रू त्याचे नाव. आजोबा फ्लँडर्सकडून धर्मच्छळामुळे पळून आलेले, म्हणजे हाही मुळात उपराच. १६८३ साली हा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला आला. हुद्दा ‘फॅक्टर’, म्हणजे साध्या लेखनिकापेक्षा एक पायरी वर. आमच्या सरकारी भाषेत सांगायचे तर एलडीसी नव्हे, यूडीसी! त्याच १६८३ च्या नोव्हेंबरात इकडे संभाजी महाराजांनी जुवे बेट घेतले होते आणि घाबरलेल्या व्हिसरॉयने आपला दंड फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीत नेऊन ठेवला होता. या धामधुमीच्या वर्षांत हा तिकडे कापडाच्या गठड्यांचा हिशेब ठेवत असणार. १६८५ मध्ये तो परत गेला.

पुढची त्याची कहाणी एखाद्या नाटकासारखी आहे. फ्रान्समध्ये अटक, काही काळ बास्तीयच्या तुरुंगात, मग लंडनला येऊन नाटककार म्हणून गाजला. आणि १६९९ पासून, वास्तुशास्त्राचे कसलेही रीतसर शिक्षण नसताना, एकदम वास्तुरचनाकार! यॉर्कशरमधला कॅसल हॉवर्ड आणि ऑक्सफर्डजवळचा ब्लेनहाइम हे इंग्लंडमधले दोन प्रचंड बरोक वाडे त्याचे. सुरतेत घालवलेल्या दिवसांविषयी त्याने कुठे काही लिहून ठेवले नाही. त्याची ती नोकरी अभ्यासकांनी कंपनीच्या दप्तरातून शोधून काढली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. (दप्तर जपून ठेवणाऱ्या अनाम कारकुनांचा इथे एक जयजयकार करायला हरकत नाही.)

पण दोन कागद बोलतात. पहिला १७०९ सालचा. ब्लेनहाइमच्या आवारात राजांचा एक जुनाट पडका वाडा होता, मालकीणबाईंना तो पाडायचा होता. व्हॅनब्रूने त्यांना पत्र लिहून विनवले की तो राहू द्या. भोवती झाडे वाढू दिली आणि त्यांतून तो अर्धवट दिसला, तर उत्तमातल्या उत्तम निसर्गचित्रकाराच्या कल्पनेतले दृश्य तुम्हाला आयते मिळेल. त्याने नाव कुणाचे घेतले नाही. पण त्या काळच्या इंग्रजाच्या मनात उत्तम निसर्गचित्र म्हटले की जी उभी राहत, त्यांत इटलीत रंगवलेल्या या चित्रांचा मान मोठा होता. बाईंनी ऐकले नाही, वाडा अखेर पाडलाच.

दुसरा कागद १७११ सालचा. लंडनमध्ये पन्नास नवी चर्चे बांधायची सरकारी योजना होती, व्हॅनब्रू त्या समितीवर होता. त्याने सुचवले की मृतांना चर्चमध्ये पुरायची रीत बंद करावी. त्याऐवजी शहराबाहेर भिंतींनी बंदिस्त, झाडे लावलेली दफनभूमी असावी आणि तिथे भव्य स्मारके बांधावीत. हे कसे दिसेल ते समजावे म्हणून त्याने बरोबर एक लहानसे रेखाचित्र जोडले. ते होते सुरतेच्या इंग्रज स्मशानाचे! सुरत सोडून पंचवीसेक वर्षे झाली होती, आणि तरी ते घुमट त्याच्या डोळ्यांपुढून गेले नव्हते.

सूचना तेव्हा कुणी मानली नाही. लंडनला शहराबाहेरची मोठी दफनभूमी मिळाली ती १८३३ साली, केन्सल ग्रीनला. पण कॅसल हॉवर्डच्या मालकाच्या डोक्यात ही गोष्ट शिरली. व्हॅनब्रू १७२६ मध्ये वारल्यावर १७२९ च्या सुमारास त्याचा सहकारी हॉक्समूर याच्या आराखड्यावरून तिथे घराण्याचे समाधिस्थान बांधायला घेतले. वाड्यापासून दूर, उघड्या माळावर, गोल, खांबांचे आणि वर घुमट. आज त्याची छायाचित्रे पाहिली की कुणीही म्हणेल, अरे, हे तर क्लोदच्या चित्रातून उचलले आहे. तसे म्हणणारा चुकत नाही. पण त्या चित्राच्या चौकटीत सुरतेच्या गवंड्यांचाही हात आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. चित्राने व्हॅनब्रूला काय पाहायचे ते शिकवले असेल. पण तशी गोष्ट उभी करता येते, हे तो सुरतेत पाहून आला होता.

आता आपल्या घरी येऊ. इंग्रज आणि डच सुरतेत घुमट बांधत होते, त्याच सुमारास पोर्तुगीज गोव्यात काय करत होते? बॉम जेझू बासिलिकेत झेवियरच्या चांदीच्या पेटीखाली जो रंगीत संगमरवराचा आणि ब्राँझच्या पट्टांचा चौथरा आहे, तो फ्लॉरेन्सच्या फोज्जीनी या शिल्पकाराने घडवला. तो पाठवणारा तस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा मेदिची, आणि तो इथे बसवला गेला १६९८ साली. रोझाला आश्रय देणारा जोव्हान कार्लो मेदिची लक्षात ठेवा म्हटले होते ना? कोझिमो त्याचा सख्खा पुतण्या. सुरतेत परक्यांनी आपली कबर इथल्या माणसांच्या रीतीने बांधली, गोव्यात कबर सुट्या भागांत जहाजावरून आली. दोन्ही सुंदर आहेत. पण सुरतेच्या कबरीत एकमेकांशी बोलणे झालेले दिसते, आणि इथे फक्त पोच मिळाल्याची नोंद.

अर्थात आपल्याकडेही बोलणे झाले, ते थोडे वेगळ्या वाटेने. कवळ्याच्या शांतादुर्गेचे आजचे देऊळ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, शाहू महाराजांच्या कारकिर्दीत उभे राहिले. म्हणजे कॅसल हॉवर्डचे काम चालू होते त्याच दशकांत. घुमट, कौलारू छपरांच्या उतरंडी, कमानदार खिडक्या, समोर दीपस्तंभ. कारागिरांनी आजूबाजूला जे चांगले दिसले ते घेतले आणि देवीला शोभेल असे बसवले. घेणाऱ्याला त्यात कमीपणा वाटला असावा असे ते देऊळ पाहून वाटत नाही. उलट्या दिशेनेही तेच. सोळाव्या शतकात हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती आणि चित्रे करू नयेत असे हुकूम निघाले. हुकूम काढावा लागला यावरूनच कळते की ते ती करत होते! आणि सुरतेत निजलेल्या त्या व्हान रीडचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ घ्या. १६७८ च्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोचीनवासी सारस्वत वैद्यांची साक्ष कोकणीत, नागरी लिपीत छापली आहे. त्याच ग्रंथाच्या आरंभीच्या काळात झाडांची चित्रे काढणारा कार्मेलाइट साधू माथेउस नेपल्सच्या परिसरातला, म्हणजे रोझाच्याच गावाकडचा. व्हान रीडने निदान नावे छापली. म्हणून आज आपण त्यांच्याविषयी बोलू शकतो.

नावाचा हा मुद्दा मला फार जवळचा आहे. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकांचे पडदे वडिलांचे एक काका रंगवीत. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मांजरपाट शिवून, खळ लावून, पावडरीचे रंग सरसात कालवून ते देवळाच्या मंडपात पडदा पसरून कामाला बसत. दरबाराचा पडदा, रस्त्याचा पडदा आणि जंगलाचा पडदा. जंगलाच्या पडद्यावर उजवीकडे काळा कडा, त्यावरून पाणी, आणि मधोमध एक मोडलेले झाड, फांद्या हातासारख्या वर केलेल्या. आमच्या भोवती माड, पोफळी, फणस. असले झाड मी कधी पाहिले नव्हते. एकदा विचारले, “आबा, हें रान खंयचें?”

“नाटकाचें,” आबा म्हणाले आणि पुढे रंगवू लागले.

बी. ए. झाल्यावर वाचनालयात एका जाड पुस्तकात रोझाची चित्रे पाहिली, आणि आबांचे झाड तिथे उभे! योगायोग म्हणावा तर तसाही नाही. चित्रित पडद्यांची रंगभूमी मुळात इटलीत घडली. १७७० च्या दशकात लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहाचे देखावे करायला लूथरबर्ग हा चित्रकार आला, तो रोझाच्या वळणाची निसर्गचित्रे काढण्यासाठी ओळखला जाई. इंग्रजांची ती रंगभूमी मुंबईत आली. १८४६ साली ग्रँट रोडचे नाट्यगृह झाले, १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी तिथे खेळ केले. पुढे संगीत नाटक मंडळ्यांनी पडद्यांवर पैसा ओतला. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर बंधूंनी रंगवलेले पडदे बघायला लोक जात. त्या मंडळ्यांचे पाहून गावोगावच्या हौशी मंडळींनी आपापले पडदे करून घेतले. आबा मुंबईला चार वर्षे होते, तिथेच कुठेतरी त्यांनी ते झाड पाहिले असणार. नेपल्सचे मोडके झाड आमच्या मंडपात उगवले ते असे.

मग आबांचे ते जंगल आमचे नव्हते का? मी त्या पडद्यापुढे दमयंतीला रडताना पाहिले आहे आणि गावातल्या बायांनी पदर डोळ्यांना लावलेले पाहिले आहेत. त्या रानाची भीती आम्हाला खरीखुरी वाटत असे. रोझाला जे साधायचे होते तेच आबांनी साधले, आणि तेही फुकट, आणि कंदिलाच्या उजेडात. त्याला नक्कल म्हणणे म्हणजे कॅसल हॉवर्डच्या समाधीला सुरतेची नक्कल म्हणणे. पण गंमत पाहा, इंग्रजाने सुरतेकडून घेतले की त्याला आपण प्रतिभा म्हणतो. आपल्या माणसाने तिकडून घेतले की ‘प्रभाव’. सांग्याचे आन्तोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) एवढे मोठे चित्रकार, जे. जे. स्कूलमध्ये शिकवलेले, त्यांची ओळख करून देताना आजही ‘पूर्वेचे रेम्ब्रांट’ म्हणतात. पणजीला फोंतेन्यशमध्ये फुंदासांव ओरिएंतच्या दालनात त्यांची चित्रे आहेत. ती शांतपणे पाहावीत आणि रेम्ब्रांटला घडीभर बाहेर बसवावे.

माझ्यापुरते मी ठरवले आहे की ‘हे कुणाचे?’ हा प्रश्न आता मागे ठेवायचा. त्याच्या जागी दोन प्रश्न विचारायचे. घेऊन त्याने काय केले? आणि ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव राहिले का? पहिल्या प्रश्नाला रोझा, व्हॅनब्रू, कवळ्याचे कारागीर, आबा, सगळे उत्तीर्ण होतात. दुसऱ्या प्रश्नाला मात्र आपली पाटी कोरी आहे. सुरतेच्या गवंड्यांची नावे आता मिळणार नाहीत. आबांच्या पडद्यांची नोंद मंडळाच्या जुन्या जमाखर्चात सापडते ती ‘पडद्याचे कापड व रंग’ एवढीच. विजेचे दिवे आणि भाड्याचे नेपथ्य आल्यावर ते पडदे धान्य वाळत घालायला गेले, आणि मग कुठे गेले ते कुणाला ठाऊक नाही.

कारकुनाला जे जमते ते नोंद करणे. यंदाच्या जत्रेच्या स्मरणिकेसाठी मी आमच्या आणि शेजारच्या चार गावांत पडदे रंगवणाऱ्यांची यादी करायला घेतली आहे : नाव, वाडा, कुठल्या नाटकाचा कुठला पडदा, शिकले कुणाकडे. आबांसकट आतापर्यंत सहा नावे मिळाली आहेत. त्यांपैकी एकजण चर्चच्या नाताळच्या गोठ्याचे देखावेही रंगवीत असत, असे त्यांच्या सुनेने सांगितले. शेवटच्या रकान्यात, ‘शिकले कुणाकडे’ या मथळ्याखाली, तीन जागा अजून रिकाम्या आहेत. त्या भरायला पुढच्या रविवारी निघतो आहे.